शॅम्पेन प्रदेश समजून घेताना : जमिनीपासून लेबलापर्यंत

पॅरिसच्या पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटरवर शॅम्पेन नावाचा प्रदेश आहे आणि ज्या फेसाळ वाईनला हे नाव लावता येते, ती कायद्याने याच प्रदेशातील द्राक्षांपासून, याच प्रदेशात तयार झालेली असावी लागते. आपल्याकडे मात्र रिसेप्शनमध्ये किंवा बक्षीस समारंभात उडवल्या जाणाऱ्या कोणत्याही फसफसत्या बाटलीला सरसकट शॅम्पेन म्हटले जाते. त्यामुळे या नावामागे गावे आहेत, छोटे बागायतदार आहेत आणि त्यांचे व्यापाऱ्यांशी जाळपोळीपर्यंत गेलेले भांडणही आहे, ही बाजू नजरेआड राहते. हा प्रदेश समजून घ्यायचा, तर बाटलीपासून किंवा प्रसिद्ध ब्रँडांपासून सुरुवात करू नये, असे माझे ठाम मत आहे. आधी माती आणि हवा, मग गावे, मग वाईन करण्याची रीत, मग ती करणारी माणसे आणि सर्वांत शेवटी लेबल, या क्रमाने गेल्यास लेबलावरचे बारीक अक्षरही बोलू लागते.

पहिली पायरी : थंडी आणि खडू

शॅम्पेनच्या बागा 49 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत आणि तिथले वार्षिक सरासरी तापमान जेमतेम 11 अंश सेल्सिअस असते. द्राक्ष पिकण्यासाठी ही जवळजवळ शेवटची सीमा. अशा हवेत मण्यांत साखर हळूहळू आणि कमी भरते, आंबटपणा मात्र टिकून राहतो. अशा द्राक्षांची साधी वाईन हलकी आणि आंबट होते, पण फेसाळ वाईनसाठी नेमका हाच कच्चा माल लागतो, कारण बाटलीत दुसऱ्यांदा किण्वन, म्हणजे आंबवण्याची क्रिया, झाल्यावर अल्कोहोल आणखी वाढणार असते आणि ताजेपणा आंबटपणामुळेच राहणार असतो.

नाशिक किंवा सांगलीच्या द्राक्षबागा पाहिलेल्या वाचकाला इथला फरक चटकन कळेल. आपल्याकडे वेल थंडीने झोपी जात नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी, अशा वर्षातून दोन छाटण्या घेऊन वेलीला वळण द्यावे लागते. शॅम्पेनमध्ये वेल हिवाळाभर निजलेलीच असते, छाटणी एकदाच आणि तीही हिवाळ्यात होते, एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनच्या सुमारास फुलोरा येतो आणि त्यानंतर साधारण शंभर दिवसांनी, म्हणजे बहुधा सप्टेंबरमध्ये, तोडणी होते. हवामान तापू लागल्यापासून काही वर्षी ही तोडणी ऑगस्टच्या अखेरीसच सुरू झाली आहे. बागायतदाराची झोप उडवणारा महिना एप्रिल. कोवळे फुटवे बाहेर आले असताना एखाद्या रात्री पारा शून्याखाली गेला, तर सबंध वर्षाचे पीक हातचे जाऊ शकते, आणि 2021 च्या एप्रिलमध्ये फ्रान्सभर नेमके हेच घडले. अशा रात्री काही बागांत ओळींमधून मोठ्या मेणबत्त्या पेटवतात, तर काही ठिकाणी वेलींवर पाण्याचे फवारे सोडतात; फुटव्याभोवती बर्फाचे कवच तयार होते आणि पाणी गोठताना बाहेर पडणारी उष्णता आतला कोंब वाचवते.

हवेइतकीच महत्त्वाची आहे ती जमीन. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि त्यातील सूक्ष्म जिवांच्या अवशेषांपासून खडूचे जाड थर तयार झाले. हा खडू सच्छिद्र असल्याने एका घनमीटरमध्ये तीनशे ते चारशे लिटर पाणी धरून ठेवतो. पावसाळी वर्षात मुळांशी पाणी तुंबत नाही आणि कोरड्या वर्षात वेल तहानत नाही. रँस शहराच्या पोटात बांधकामासाठी पूर्वी खडू खणून काढला गेला आणि त्यातून खोल खाणी उरल्या. पुढे वाईन कंपन्यांनी त्यांचीच तळघरे केली, कारण तिथले तापमान वर्षभर 10 ते 12 अंशांच्या दरम्यान राहते. पहिल्या महायुद्धात शहरावर तोफांचा मारा चालू असताना रँसचे नागरिक याच तळघरांच्या आसऱ्याने राहिले. शॅम्पेनमधील उतार, कंपन्यांच्या वास्तू आणि तळघरे यांचा 2015 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला.

दुसरी पायरी : नकाशावर पाच तुकडे

सुमारे 34 हजार हेक्टरचा हा प्रदेश पाच जिल्ह्यांत विखुरलेला असून त्यातील बागांची गावे तीनशेहून अधिक आहेत. ती सगळी पाठ करण्याची गरज नाही. रँस आणि एपर्ने ही दोन शहरे नकाशावर शोधावीत आणि त्यांच्या संदर्भाने पाच भाग ओळखावेत.

दोन्ही शहरांच्या मधोमध जंगलाने झाकलेला ठेंगणा डोंगर म्हणजे मोंतान्य द रँस. त्याच्या उतारांवर प्रामुख्याने पिनो न्वार हे काळे द्राक्ष असते. व्हेर्झने, व्हेर्झी, बुझी, आंबोने ही इथली नावाजलेली गावे. एपर्नेवरून पश्चिमेकडे जाणाऱ्या मार्न नदीच्या खोऱ्यात मनिए या दुसऱ्या काळ्या द्राक्षाचे राज्य आहे, कारण त्याचे डोळे पिनोपेक्षा उशिरा फुटतात आणि खोऱ्यातील थंडीतून ते तुलनेने सहीसलामत सुटते. एपर्नेच्या दक्षिणेला पूर्वाभिमुख खडूचा लांब उतार आहे, तो कोत दे ब्लाँ. क्रामाँ, आव्हीझ, ओझे, ल मेनिल ही तिथली गावे जवळजवळ संपूर्णपणे शार्दने या पांढऱ्या द्राक्षाला वाहिलेली आहेत. त्याच्याही खाली कोत द सेझान हा लहानसा भाग येतो; तिथेही शार्दनेच अधिक, फक्त थोडे जास्त पिकलेले.

पाचवा भाग कोत दे बार, आणि इथे थोडे थांबायला हवे. ओब जिल्ह्यातील हा भाग एपर्नेपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर, दक्षिणेला आहे. इथे खडू नाही, तर शेजारच्या शाब्ली या वाईनप्रदेशासारखी चुनखडीमिश्रित चिकण मार्ल माती आहे आणि लागवड मुख्यतः पिनो न्वारची. रँस आणि एपर्ने ज्यात येतात त्या मार्न जिल्ह्यातल्यांनी ओबला आपले मानायला फार काळ नकार दिला. बाहेरची स्वस्त द्राक्षे आणून शॅम्पेन म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांना रोखण्यासाठी 1908 मध्ये प्रदेशाची हद्द आखली गेली, तेव्हा ओबला बाहेर ठेवण्यात आले. 1910 चे पीक रोग आणि खराब हवेने बुडाले, मार्नच्या बागायतदारांच्या हाती काही लागले नाही आणि काही कंपन्या मात्र बाहेरचा माल खरेदी करतच राहिल्या. ओबमध्ये वगळल्याच्या रागाने मोर्चे निघाले, तर मार्नमध्ये ओबला परत घेणार या शंकेने भडका उडाला. एप्रिल 1911 मध्ये आयी गावात व्यापाऱ्यांची तळघरे फोडली गेली, घरे पेटवली गेली आणि सरकारला सैन्य आणावे लागले. ओबला शॅम्पेनमध्ये पूर्ण स्थान मिळाले ते 1927 च्या कायद्याने. आज एकूण लागवडीचा जवळजवळ पाव हिस्सा तिथे आहे, मात्र सर्वोच्च श्रेणीचे एकही गाव ओबमध्ये नाही.

ही श्रेणी बागेची नसून गावाची आहे, हे लक्षात ठेवावे. कोणत्या गावच्या द्राक्षांना ठरलेल्या दराच्या किती टक्के भाव मिळायचा, यासाठी विसाव्या शतकात गावांची मोजपट्टी तयार झाली. शंभर टक्के मिळणारी 17 गावे ग्राँ क्रू, नव्वद ते नव्व्याण्णव टक्क्यांची गावे प्रमिए क्रू आणि बाकीची त्याखाली. दर ठरवण्याची ती पद्धत आता राहिलेली नाही, दर्जाची नावे मात्र लेबलावर टिकून आहेत. एकाच गावात उतारावरची उत्तम बाग आणि पायथ्याची साधारण बाग दोन्ही असू शकतात, त्यामुळे ग्राँ क्रू हे शब्द पाहून जादा पैसे मोजण्याआधी उत्पादक कोण आहे ते पाहावे.

तिसरी पायरी : तीन द्राक्षे आणि मिश्रण

पिनो न्वार वाईनला अंग आणि लाल फळांचा गंध देते, मनिए लवकर खुलणारा गोलाई असलेला फळांचा स्वाद देते, आणि शार्दने धारदार ताजेपणा व दीर्घायुष्य देते. आर्बान, पती मेलिए यांसारखी काही जुनी वाणेही परवानगीत आहेत, पण त्यांची लागवड एक टक्काही नाही. तीनपैकी दोन मुख्य द्राक्षे काळी असूनही वाईन पांढरी का, तर रंग सालीत असतो, रसात नसतो. म्हणूनच तोडणी हातानेच करण्याची सक्ती आहे आणि अखंड घड न फोडता दाबयंत्रात जातात. दाबण्याचा नियमही काटेकोर आहे. 4000 किलो द्राक्षांमधून 2550 लिटरच रस घेता येतो. त्यातील पहिले 2050 लिटर सर्वांत स्वच्छ आणि आंबट, त्याला क्यूव्हे म्हणतात. पुढचे 500 लिटर सालीचा अंश उतरलेले, ते ताय. उत्तम उत्पादकांपैकी काही जण ताय वापरतच नाहीत.

निव्वळ शार्दनेची वाईन ब्लाँ द ब्लाँ, निव्वळ काळ्या द्राक्षांची ब्लाँ द न्वार. गुलाबी शॅम्पेनसाठी पांढऱ्या वाईनमध्ये थोडी लाल वाईन मिसळण्याची मुभा इथे आहे. फ्रान्समधील बुडबुडे नसलेल्या दर्जेदार रोझे (गुलाबी) वाईनना ती नाही.

या प्रदेशाचा खरा कस लागतो तो मिश्रणात. हवा इतकी बेभरवशाची की एका वर्षाच्या, एका गावाच्या द्राक्षांवर दरवर्षी विसंबता येत नाही. म्हणून वेगवेगळ्या गावांच्या, वेगवेगळ्या वाणांच्या आणि मागील वर्षांतून राखून ठेवलेल्या वाईन एकत्र करून दरवर्षी एकसारखी चव साधली जाते. ओव्हिलेरच्या मठात 1668 ते 1715 या काळात तळघराचे काम पाहणारे दोम पेरिन्यों यांनी शॅम्पेनचा शोध लावला, ही कथा खरी नाही. बाटलीत आपोआप येणारे बुडबुडे त्यांच्या काळात दोष मानले जात आणि ते टाळण्याचीच त्यांची धडपड होती. निरनिराळ्या बागांची द्राक्षे दाबण्यापूर्वी जुळवण्याचे कसब ही त्यांची खरी देणगी, आणि माझ्या दृष्टीने ती बुडबुड्यांच्या कथेपेक्षा मोठी आहे.

चौथी पायरी : बाटलीत काय घडते

पहिले किण्वन टाक्यांत किंवा पिंपांत होऊन साधी वाईन तयार होते, तिचे मिश्रण ठरते, आणि मग त्यात लिटरमागे सुमारे 24 ग्रॅम साखर व यीस्ट घालून ती बाटलीत बंद केली जाते. यीस्ट ही साखर खाते, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ न शकल्याने वाईनमध्येच मुरतो आणि आतला दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो. मोटारीच्या टायरमधील हवेच्या दुपटीहून हा अधिक. काम संपल्यावर मेलेले यीस्ट गाळ होऊन तळाशी बसते. या गाळाच्या सहवासात वाईनला ताज्या पावाचा, बिस्किटाचा, भाजलेल्या सुक्यामेव्याचा गंध येतो, आणि शॅम्पेनची ओळख बुडबुड्यांइतकीच या गंधात आहे. वर्ष न छापलेल्या शॅम्पेनला किमान 15 महिने तळघरात काढावे लागतात, त्यांपैकी 12 गाळासह. वर्षाची नोंद असलेल्या मिलेझीमला किमान तीन वर्षे. चांगले उत्पादक दोन्ही मर्यादांच्या बरेच पुढे जातात.

मग प्रश्न उरतो गाळ काढण्याचा, तोही बुडबुडे न गमावता. मादाम क्लिको या 1805 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाल्या आणि त्यांनी पतीचा व्यवसाय हाती घेतला. त्यांच्या तळघरात 1816 च्या सुमारास यावर तोड निघाली. फळीला तिरपी भोके पाडून त्यांत बाटल्या मानेकडून खोवायच्या आणि रोज प्रत्येक बाटली किंचित फिरवत, किंचित अधिक उभी करत न्यायची. काही आठवड्यांत सगळा गाळ बुचापाशी येऊन बसतो. हाताने हे करणारा कुशल कारागीर दोन्ही हातांनी दोन बाटल्या एकाच वेळी फिरवतो आणि दिवसाकाठी हजारो बाटल्या हातावेगळ्या करतो. आज बहुतेक ठिकाणी शेकडो बाटल्यांचा पिंजरा फिरवणारे यंत्र तेच काम सुमारे आठवडाभरात उरकते, आणि त्यामुळे वाईनच्या दर्जात काही उणे येते असे मला वाटत नाही. शेवटी बाटलीची मान गोठवतात, बूच काढताच गाळाचा गोठलेला गोळा दाबाने बाहेर उडतो, रिकाम्या झालेल्या जागेत वाईन व साखरेचे थोडे मिश्रण भरतात आणि कायमचे बूच ठोकतात.

ही रीत जगभर पसरली आहे आणि महाराष्ट्रालाही ती नवी नाही. नारायणगावला इंडाज या कंपनीने 1980 च्या दशकात शॅम्पेनमधील तज्ज्ञांच्या साहाय्याने अशी फेसाळ वाईन तयार केली, आणि एपर्नेच्या मोएत ए शाँदों या वाईन घराण्याशी नाते असलेली शाँदों वाईन नाशिक जिल्ह्यात दिंडोरीला तयार होते. ती उघड उघड त्याच घरातली असूनही लेबलावर शॅम्पेन हे नाव लावत नाही, कारण नाव रीतीचे नसून जागेचे आहे.

पाचवी पायरी : बाग कोणाची, बाटली कोणाची

शॅम्पेनमधील सुमारे नव्वद टक्के बागा जवळपास 16 हजार बागायतदारांच्या मालकीच्या आहेत, तर दोन तृतीयांशांहून अधिक विक्री मोठ्या घराण्यांच्या, म्हणजे वाईन कंपन्यांच्या, हाती आहे. म्हणजे घराण्यांना द्राक्षे विकत घ्यावी लागतात आणि बागायतदारांना गिऱ्हाईक लागते. ऊस आणि साखर कारखाना यांचे नाते ठाऊक असलेल्या आपल्या माणसाला यातील ताण समजावून सांगावा लागणार नाही. 1941 मध्ये स्थापन झालेल्या व्यावसायिक समितीत दोन्ही बाजूंना समान स्थान आहे. हेक्टरी किती किलो द्राक्षे काढायची, किती वाईन वाईट वर्षासाठी राखून ठेवायची, हे तिथे दरवर्षी ठरते.

बाटलीवर हे नाते दोन बारीक अक्षरांत छापलेले असते. एनएम म्हणजे द्राक्षे विकत घेऊन वाईन करणारे घराणे. आरएम म्हणजे स्वतःच्या बागेतील द्राक्षांची स्वतः वाईन करणारा बागायतदार. सीएम म्हणजे सहकारी संस्था, आरसी म्हणजे सहकारी संस्थेत करून घेतलेली वाईन आपल्या नावाने विकणारा बागायतदार, आणि एमए म्हणजे सुपरमार्केटसारख्या खरेदीदाराचा स्वतःचा ब्रँड. आरएम म्हणजे उत्तम आणि एनएम म्हणजे कारखानी, असे समीकरण अलीकडे बरेच जण मांडतात, पण ते मला पटत नाही. अनेक गावांची द्राक्षे जुळवून दरवर्षी तोलून धरलेली चव देणे हे घराण्यांचे कौशल्य आहे, आणि एका गावाची माती उघडी करून दाखवणे हे बागायतदाराचे. दोन्ही चाखल्याशिवाय प्रदेश अर्धाच कळतो.

सहावी पायरी : एक लेबल वाचून पाहू

समजा, बाटलीवर ‘आव्हीझ’, ‘ग्राँ क्रू’, ‘ब्लाँ द ब्लाँ’, ‘एक्स्ट्रा ब्रूट’ असे शब्द आहेत, वर्ष छापलेले नाही आणि कोपऱ्यात आरएम आहे. आतापर्यंतच्या पायऱ्या चढलेल्या वाचकाला यातून बाटली न उघडताही बरेच कळते. कोत दे ब्लाँमधील खडूच्या उतारावरचे शार्दने, म्हणून धारदार आंबटपणा आणि लिंबूवर्गीय गंध अपेक्षित. करणारा त्याच बागेचा मालक. वर्ष नाही, म्हणजे एकाहून अधिक वर्षांचे मिश्रण असण्याची शक्यता मोठी. उरला गोडवा. लिटरमागे साखर 3 ग्रॅमपेक्षा कमी आणि वरून काहीच घातलेले नसेल तर ब्रूट नेचर, 6 पर्यंत एक्स्ट्रा ब्रूट, 12 च्या आत ब्रूट, 12 ते 17 एक्स्ट्रा ड्राय, 17 ते 32 सेक, 32 ते 50 देमी-सेक आणि त्यावर दू. एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोड असते, यावर अनेकांची फसगत होते. मागच्या लेबलावर गाळ काढल्याची तारीख असेल तर ती अवश्य पाहावी. ती जितकी अलीकडची, तितकी वाईन ताजी आणि टोकदार लागेल; काही महिने गेले की घातलेली साखर वाईनमध्ये एकजीव होते.

सातवी पायरी : प्रत्यक्ष जाणे

पॅरिसच्या गार द लेस्त स्थानकातून जलद गाडीने रँस पाऊण तासावर आहे आणि एपर्ने साध्या गाडीने सव्वा तासाच्या आसपास. दोन दिवस हाताशी असतील तर पहिला रँससाठी ठेवावा. फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक जिथे होत ते कॅथेड्रल पाहून एखाद्या मोठ्या घराण्याच्या खडूच्या तळघरात उतरावे. बाहेर कितीही ऊन असले तरी अंगावर स्वेटर हवाच. दुसरा दिवस एपर्नेचा. तिथल्या शॅम्पेन अव्हेन्यूवरील वाड्यांपेक्षा मला जवळच्या टेकडीवरचे ओव्हिलेर अधिक मोलाचे वाटते, कारण तिथून मार्नचे खोरे, बागा आणि गावे एका नजरेत येतात आणि कागदावरचा नकाशा जमिनीवर उतरतो. चर्चमध्ये दोम पेरिन्यों यांची समाधी आहे. छोट्या बागायतदारांकडे आधी कळवूनच जावे. तोडणीच्या दिवसांत त्यांना बोलायला सवड नसते. गाडी चालवणार असाल तर चाखलेली वाईन थुंकण्यासाठी ठेवलेल्या भांड्यात थुंकावी, त्यात कुणालाही वावगे वाटत नाही. कायद्याची मर्यादा रक्तात लिटरमागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे.

चाखताना ब्लाँ द ब्लाँपासून सुरुवात करून मिश्रणाकडे, मग ब्लाँ द न्वार आणि शेवटी रोझे व देमी-सेक, असे हलक्याकडून भारदस्ताकडे जावे. उंच अरुंद पेल्यापेक्षा ट्यूलिपच्या आकाराचा पेला बरा, कारण त्यात गंध साठतो. वाईन 8 ते 10 अंशांना असावी. बाटली उघडताना बुचावर अंगठा ठेवून तार सहा अर्ध्या फेऱ्यांनी सैल करावी, बूच घट्ट धरून बाटली फिरवावी आणि बूच आवाज न करता सोडवून घ्यावे.

भारतात परतताना करमुक्त मद्याची मर्यादा माणशी दोन लिटर आहे, म्हणजे नेहमीच्या आकाराच्या दोनच बाटल्या. त्या निवडताना एक एखाद्या घराण्याची वर्ष न छापलेली ब्रूट घ्यावी आणि दुसरी एकाच गावच्या आरएम बागायतदाराची, शक्यतो कोत दे बारमधील पिनो न्वारची, कारण ती आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाही. दोन्ही विमानाच्या चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात आणि घरी आल्यावर एकाच संध्याकाळी, शेजारी शेजारी उघडाव्यात.